रस्त्याकडे पाठ केलेला राक्षस

माझ्या फोनमध्ये राक्षसांचे दोनशेच्या वर फोटो आहेत, हे या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माहीत आहेच. नव्यांसाठी सांगते: माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही आणि भुताखेतांच्या वस्तूंवर अतोनात जीव आहे. ट्रकच्या मागची कवटी, वाढदिवसाच्या दुकानातला रबरी मुखवटा, बिर्याणीच्या हॉटेलच्या दारात टांगलेला डोळे वटारलेला कोहळा, सगळं मला चालतं. लोक किल्ले बघायला जातात, मी बांधकामांवर टांगलेली भेसूर तोंडं बघायला जाते. घरच्यांनी आता बोलणं सोडून दिलंय.

हैदराबादचं निमित्त शोभामावशीनं काढलं. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक इमारत उभी राहत होती आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर चक्क गॉगल लावलेला राक्षस टांगला होता. त्याचा फोटो पाठवून मावशीनं खाली लिहिलं, ‘तुझा एक नातेवाईक आमच्याकडे राहायला आलाय.’ मी त्याच दिवशी बँकेत दोन दिवसांची रजा टाकली. गुरुवार, शुक्रवार, आणि पुढे शनिवार-रविवार आयताच.

नांदेडहून सकाळी सहाची बस धरली. तिकीट पाचशेच्या आसपास, वेळ साडेसहा-सात तास. देगलूर सोडून मदनूर आलं की पाट्यांची लिपी बदलते आणि घरांवरची तोंडंही बदलतात. आपल्याकडे काळी बाहुली किंवा फाटकी चप्पल टांगून भागतं. तेलंगणात शिरलं की शिंगं, सुळे, लोंबती जीभ, वर पिळलेल्या मिशा असा सगळा सरंजाम सुरू होतो. याला तिकडे दिष्टी बोम्मा म्हणतात. दिष्टी म्हणजे आपली दृष्ट आणि बोम्मा म्हणजे बाहुली. खिडकी उजवीकडची घ्या, डावीकडे सकाळचं ऊन येतं. संगारेड्डीपर्यंत मी सतरा तोंडं मोजली आणि शेजारच्या आजोबांनी मला सतरा वेळा वळून पाहिलं.

इमलीबन बसस्टँडवर उतरून अफझलगंजच्या बाजूला आले आणि एका इराणी हॉटेलात चहा-उस्मानिया बिस्किटं घेतली. भूक असेल तर इथेच खाऊन घ्या, पुढे रिक्षात तासभर जातो. माझ्या रिक्षाच्या मागे दोन मोठे डोळे रंगवले होते आणि खाली लिहिलं होतं, ‘जलने वाले दूर से देख’. मी उतरून फोटो काढला तेव्हा रिक्षावाल्यानं मिशीवरून हात फिरवून स्वतःही पोज दिली.

मावशीचं घर रामंतापूरला आहे; गल्लीच्या तोंडाशी गॉगलवाल्या नातेवाइकाचा फोटो काढूनच मी आत शिरले. काका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे, आता निवृत्त आहेत. माणूस इतका नेमका की पोळीसुद्धा चतकोर करताना कोन बघून करतो. चाळीस वर्षांपूर्वी बिलोलीकडून नोकरीला आले ते इथलेच झाले. रोज सकाळी बुद्धवंदना, मग पेपर, मग झाडांना पाणी. घरात उदबत्ती लागते, पण लिंबू-मिरची कधी आली नाही. उलट मावशी! तिचाही कशावर विश्वास नाही, पण दुपारी दोनला तेलुगू चॅनलवर एक भुताची मालिका लागते ती ती चुकवत नाही. त्यातली हडळ रेशमी साडी नेसून, लिपस्टिक लावून येते. ती आली की मावशी टीव्हीचा आवाज बंद करते आणि उशीआडून बघते. विश्वास नाही तर घाबरतेस कशाला, असं मी विचारलं. ‘तिच्या मेकअपचे पैसे वसूल नको का व्हायला,’ म्हणाली.

या वेळी मात्र घरात हसण्याचं वातावरण नव्हतं. वर एक मजला चढवायला घेतला होता, प्राचीसाठी. प्राची म्हणजे माझी मावसबहीण, घरूनच नोकरी करते आणि कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मीटिंगा उरकते. भिंती झाल्या, सेंट्रिंगच्या फळ्या लागल्या, सळया बांधून झाल्या, आणि स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी काम थांबलं. मेस्त्री यादय्या म्हणाला, आधी घरासमोर बोम्मा टांगायचा. काका म्हणाले, माझ्या घरावर ते लागणार नाही. यादय्या म्हणाला, मग माझी माणसं वर चढणार नाहीत. या गोष्टीला चार दिवस झाले होते. दोघांपैकी कुणीही आवाज चढवला नव्हता आणि त्यामुळेच तिढा सुटत नव्हता. ‘पप्पा ऐकतच नै दीदी,’ प्राची म्हणाली. ‘और वो यादय्याअण्णा भी नै.’ मला त्यात थोडी गंमतच वाटली, हे आता कबूल करायला लाज वाटते.

शुक्रवारी प्राचीनं सुट्टी टाकली आणि आम्ही स्कूटरवरून कोठीला गेलो. तिथल्या फुटपाथवर डॉक्टरकीच्या जाडजूड पुस्तकांच्या शेजारी जुनी भुताची मासिकं मिळतात. मुखपृष्ठावरची सगळी भुतं खिडकीतूनच का डोकावतात, दार का वाजवत नाहीत, यावर आमची बरीच चर्चा झाली. तिथून बेगम बाजार. गाडी लांब लावा आणि चालत आत शिरा. मसाल्यानं शिंका येतात, हातगाड्यांचे धक्के बसतात, पण दोऱ्या, झाडू, कापूर विकणाऱ्या दुकानांच्या रांगेत मला माझं माहेर सापडलं. प्लॅस्टिकचे लिंबू-मिरची, बटण दाबलं की हसणारी कवटी, कार्टूनमधल्या मांजरीसारखा गुलाबी राक्षस. आणि एका खांबावर तो.

हिरवं तोंड, लाल जीभ, मिशा आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांसारख्या. रंगवणाऱ्याचा हात हलला असावा, कारण एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा होता आणि त्यामुळे तो एकाच वेळी चिडलेला आणि गोंधळलेला दिसत होता. दुकानदार म्हणाला, छाप्याचे पुष्कळ आहेत, हातानं रंगवलेला हा एकच उरलाय. साडेतीनशेपासून अडीचशेवर आला. मी तो पोटाशी धरून स्कूटरवर बसले आणि सिग्नलला थांबलेल्या एका बाळाला रडवत घरी आणला.

इथे माझी चूक झाली. रंगाला अजून वास येत होता म्हणून मी तो हवेशीर ठेवायचा ठरवला आणि बाहेरच्या खोलीच्या खिडकीत गजाला टेकवून ठेवला, तोंड रस्त्याकडे करून. काका तेव्हा मित्राकडे गेले होते. संध्याकाळी आले ते मागच्या दारानं, पुढे वाळूचा ढीग होता म्हणून. त्यांनी तो पाहिलाच नाही. पण पुढून यादय्या येऊन गेला होता, सळया झाकायला.

शनिवारी सकाळी सातला मिक्सरच्या धडधडीनं जाग आली. दारात सोळा-सतरा माणसं, डोक्याला फडकी बांधलेली. काकांना वाटलं मावशीनं समजूत काढली, मावशीला वाटलं काका नमले. दोघं एकमेकांकडे इतक्या कौतुकानं बघत होती की मी चहाचा कप घेऊन तशीच उभी राहिले. मग यादय्या हसत पुढे आला. पन्नाशीचा, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्यानं खिडकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, साब, बोम्मा बहुत अच्छा लाए.

काकांनी वळून खिडकी पाहिली, मग मला पाहिलं. मागून मावशी डोळ्यांनी खुणावत होती की गप्प राहा, नुसतं गप्प राहा, संध्याकाळपर्यंत स्लॅब टाकून होईल. काही बोलायची गरजच नव्हती. मिक्सर सुरू होता, माणसं आली होती. काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि यादय्याला सांगितलं की तो बोम्मा घरासाठी नाही, भाचीनं हौसेनं आणलाय, त्याची फसगत होऊ नये. हवं तर सगळ्यांनी परत जावं, आजची मजुरी मी देतो.

कुणीतरी मिक्सर बंद केला. यादय्यानं विचारलं, एवढ्याशा गोष्टीला इतका राग कशाला? त्याचा भाऊ तिसऱ्या मजल्यावरून पडला होता. ‘मेरा भाई गिरा सो साइट पे बोम्मा नै था साब.’ त्यानं हे तक्रारीच्या सुरात नाही, माहिती द्यावी तसं सांगितलं.

काका पायरी उतरून यादय्याजवळ आले. मग म्हणाले, ‘हमारे गाव में लोगां ये किसकी नजर कू लटकाते थे, मालूम? मेरे बाप की.’

मग त्यांनी सांगितलं. गावात एका मोठ्या घराचं बांधकाम चाललं होतं, त्याच्या विटा काकांच्या वडिलांनी वाहिल्या, पाया भरण्यापासून छपरापर्यंत. काका तेव्हा सात वर्षांचे, भाकरी घेऊन जायचे. घर पूर्ण झालं त्या दिवशी मालकानं दारावर काळं बाहुलं टांगलं आणि त्यांना सांगितलं, उद्यापासून या वाटेनं येऊ नको, तुझी नजर लागेल. वडिलांनी मान हलवली आणि ते दुसऱ्या वाटेनं जायला लागले. माझ्या घरावरून जाणाऱ्या कुणालाही ते तोंड दाखवणार नाही, असं काका म्हणाले. त्यांचा आवाज साधाच होता, पण चष्मा अजून हातातच होता.

मावशीनं पदर तोंडाला लावला. तीस वर्षांच्या संसारात तिनंही हे ऐकलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. मला तिथल्या तिथे तो राक्षस उचलून कुठेतरी पुरून टाकावासा वाटला.

मग यादय्या खिडकीशी गेला आणि बोम्मा उचलून त्यानं मला विचारलं, लेऊं? मी मान हलवली. वर माल चढवायची लिफ्ट स्लॅबच्या कडेला उभी होती. तिच्या खांबाला त्यानं तारेनं बोम्मा बांधला, पण रस्त्याकडे पाठ करून. तोंड आत, जिथे माणसं काम करणार होती तिकडे. त्याच्या माणसांपैकी एकानं तेलुगूत काहीतरी विचारलं, बहुधा उलटा का म्हणून. त्यानं उत्तर दिलं ते काकांकडे बघत, काकांना समजेल अशा भाषेत.

‘रस्ते पे कौन है, सब अपनेच लोगां. गिरते तो हम इधर से.’

काका वर गेले. खांब पाहिला, लिफ्टच्या बाजूची उघडी कड पाहिली. मग एवढंच म्हणाले की लिफ्ट तुमची आहे, तिच्यावर काय बांधायचं तुम्ही बघा, पण कडेला बांबू बांधल्याशिवाय आणि कडेच्या माणसांच्या कमरेला दोर असल्याशिवाय मी एक घमेलं चढू देणार नाही. दोर ते स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन आले. गाठीही स्वतः तपासल्या, नकाशावर सही करण्याआधी तपासावं तशा. आठ वाजता मिक्सर पुन्हा सुरू झाला.

दिवसभर मी घमेल्यांची साखळी बघत होते. दमून कुणी कडेला सरकलं की समोर हिरवं तोंड, एक डोळा मोठा. एक बाई त्याला बघून दर खेपेला हसायची. स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवण घालायची पद्धत आहे. मावशीनं मटणाचा रस्सा केला, प्राचीनं त्या दिवशीची मीटिंग बुडवून भात वाढला. दोनची मालिका राहिली. संध्याकाळी ओल्या स्लॅबच्या कडेला जिन्यात काका आणि यादय्या चहा पीत बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर तो राक्षस. मी त्यांचा फोटो काढला. दोघांनी चेहरे गंभीर केले, राक्षसच तेवढा मोकळा दिसत होता.

बोम्मा मी मागितला नाही. लिफ्टबरोबर तो पुढच्या साइटवर गेला. रविवारी दुपारच्या बसनं मी रिकाम्या हातानं परत निघाले. काका बसस्टँडवर सोडायला आले, मला खारी बिस्किटांचा पुडा दिला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, बरं झालं तू आणलास, नाहीतर माझ्याच्यानं बोलणं झालं नसतं.

नांदेडला येऊन मी या पोस्टसाठी फोटो निवडायला बसले. दोनशेच्या वर तोंडं, आणि बांधकामांवरच्या तोंडांचा एक सोडून प्रत्येक फोटो खालून, रस्त्यावर उभं राहून काढलेला. म्हणजे ज्या जागी नजर लावणारा उभा असतो असं मानतात, त्या जागेवरून. इतकी वर्षं ती सगळी तोंडं मलाच हुसकावत होती आणि मी त्यांना गोड म्हणत होते. एक तेवढा फोटो वरून होता, स्लॅबवरचा.

संग्रह मी बंद केलेला नाही, उगाच खोटं सांगत नाही. पण परवा बँकेच्या रस्त्यावरच्या नव्या बांधकामावर एक निळं तोंड दिसलं, तेव्हा वॉचमनला विचारून मी वर गेले. मागच्या बाजूनं तो राक्षस म्हणजे नुसतं कोरं फायबर निघालं, एका खिळ्याला तारेनं अडकवलेलं. त्याच खिळ्याला कुणाचा तरी जेवणाचा डबा पिशवीत टांगलेला होता. मी फोटो काढला आणि काकांना पाठवला. ते माझ्या फोटोंना कधी उत्तर देत नाहीत. या वेळी दहा मिनिटांत आलं, दोनच शब्दांचं.

‘डबा कुणाचा?’

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वर गेले, विचारलं आणि काकांना कळवलं, की विटा वाहणाऱ्या एका बाईंचा आहे.