मालनच्या टाचा आणि भिरंडेलाचा गोळा

...आणि भेगा काय एकट्या मालनलाच होत्या काय? लिही मनाली, थांबलीस कशाला! दिवसभर ओल्या लादीवर उभं राहिलं की कुणाच्याही टाचा फुटणारच. आपल्या शेजारची मालन गो, कुशाबाची बायको. परळला पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. वर तव्याची धग, खाली सोड्याचं पाणी. हात पिठाने मऊ, पण टाचा अशा चिरलेल्या की झोपताना चादरीचे धागे अडकायचे. कुशाबा म्हणायचा, "मालने, तुझ्या भेगेत रुपया पडला तर परत गावायचा नाय हां!" ती हसायची, आणि हसता हसता साडीचा काठ खाली ओढायची.

औषध घरात नव्हतं असं नाय. तिचा भाऊ धोंडू गावाहून दरसाल भिरंडेल आणून द्यायचा. कोकमाच्या बियांचं तेल ते. थंड झालं की घट्ट होतं, म्हणून मुठीत दाबून गोळे करतात. पण मालन कामावरून आली की आडवी व्हायची. आज लावते, उद्या लावते. गोळा आपला मोरीच्या फळीवर धूळ खात.

मग तिच्या मुलाचं, स्वप्नीलचं लग्न जमलं. मुलगी दर्शना, दादरची, शिकलेली. बैठक त्यांच्या घरी. चपला बाहेर काढायच्या, आत पांढरीशुभ्र लादी. मालन सोफ्यावर पाय मागे घेऊन बसली ती चहा आला तरी हलली नाय. दर्शनाची आई पद्मजाताई, ऑफिसातून रिटायर झालेली, बोलणं एकदम नीट. ती म्हणाली, "विहीणबाई, हॉलवर तुमचे पाय मी चांदीच्या ताम्हनात धुणार आहे. फोटोग्राफरलाही सांगून ठेवलंय."

मालनने पाय आणखी आत ओढले. चांदीचं ताम्हन, त्यात आपल्या टाचा, आणि वर फोटो! तोंडातून निघून गेलं, "नको नको, आमच्यात नाय तसलं. बाईने बाईचे पाय कशाला धुवायचे?"

पद्मजाताईचे डोळे भरून आले. "माझ्या लग्नात आईचे गुडघे सुजले होते हो. तरी तिला वाकायला लावलं. तुम्ही किती मोठ्या मनाच्या!"

आता 'आमच्यात नाय' कसं? मालनच्या लग्नात तिच्या आईने कुशाबाच्या आईचे पाय धुतलेच होते की, भर मांडवात! कुशाबाला ठाऊक होतं. तो बायकोकडे बघत राहिला. मालनचे कान तापले. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण लोकांनी एकदा डोक्यावर घेतलं की खाली कसं उतरायचं, तू सांग.

लग्नात दर्शनाच्या हितेंद्रमामाने माइक घेतला. "अशी विहीण घरोघरी मिळो!" टाळ्यांवर टाळ्या. मालन स्टेजवर उभी, नव्या बंद चपलेत टाचा ठणकतायत, आणि मनात म्हणतेय, धरणी पोटात घेईल तर बरं. पंगतीत जिलबी पानात तशीच राहिली. बायका म्हणाल्या, बघ, मुलाच्या लग्नात गहिवरली.

दर्शना घरी आली. चांगली पोर. दुसऱ्याच सकाळी मोरीतून ओरडली, "आई, हा तुमचा साबण खराब झालाय! किती घासला, फेसच येत नाही!"

मालन धावली. बघते तर पोरीचे दोन्ही हात भिरंडेलाने चोपडलेले, वर पाणी ओततेय आणि पाणी घरंगळतंय.

"अगो बाय, साबण नाय तो! भेगांचं औषध आहे."

"कुणाच्या भेगांचं?"

मालन उंबऱ्यात उभी. पाय कुठे लपवणार? दर्शनाची नजर खाली गेली. मग हळूच वर आली. पोर हुशार, एका क्षणात तिला सगळं कळलं. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाय.

मालन तिथेच खाली बसली. "तुझ्या आईला नको सांगू," म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला अजूनच लाज वाटली. पोरीला पण खोटं बोलायला शिकवतोय आपण.

दर्शनाने घमेल्यात कोमट पाणी आणलं. मालन नको नको म्हणत असतानाच तिचे पाय आत घेतले, भिजवले, वजरीने हलकेच घासले, पुसून कोरडे केले. पळीत भिरंडेल वितळवून, सोसवेल एवढं कोमट करून भेगांत भरलं, वर स्वप्नीलचे जुने मोजे. धुवायला नको म्हणालेले पाय शेवटी मोरीत धुतले गेले, तेही सुनेच्या हातून. मालनला मान वर करवेना.

असं रोज रोज केलं, भेगा मिटत आल्या. पण लाज काय तेलाने जाते? कुणी 'मोठ्या मनाची' म्हटलं की ती पाय ओढूनच घ्यायची. शेवटी पद्मजाताई चहाला आली, तेव्हा मालनने चपला न घालता पाय पुढे केले.

"ताई, मोठं मनबिन काय नाय हो माझं. भेगा मोठ्या होत्या."

पद्मजाताई बघतच राहिली. मालनला वाटलं, गेलं आता सगळं. मग ताई सावकाश म्हणाली, "मन असो की भेगा, माझं वाकणं टळलं हे खरं. पण मी सगळ्या नातेवाइकांत तुमचं नाव करून आले, त्याचं काय करू?" आणि कप ठेवला तो परत उचललाच नाय. मालन अजून त्या कपाबद्दल बोलते.

बरं, आता पेन ठेव आणि ऊठ. खालच्या मजल्यावरच्या प्रितीच्या आईचं ऐकलंस ना? तिच्या मुलाच्या, गौतमच्या लग्नात तीपण मालनसारखं पाय धुवायला नको म्हणणार म्हणे. आणि बसते कशी, तर साडीखाली पाय दुमडून! हा गोळा तिला नेऊन दे. म्हणावं, मालनने दिलाय. नको म्हणायचं तर खुशाल म्हण, पण पाय बाहेर काढून म्हण. आणि हो, साबण नाय म्हणून सांग.