अर्ध्यात मोडलेली कवायत

काळेल मास्तरांची कवायत कधी पुरी होतच नसे. मुलं रांगेत, पाय एका ठेक्यात, हात एका उंचीला, बघणाऱ्यानं वा वा म्हणावं असं सगळं जमून आलं, की कुठल्याही ड्रिलच्या मास्तराला आनंद व्हायला हवा. ह्यांचा चेहराच उतरायचा. कपाळावर घाम यायचा, आणि ते एकदम ओरडायचे, “विसर्जन!” त्यासरशी मुलं पांगायची. पांगतानाही मास्तरांचा नियम होता, कुणी कुणाच्या मागं जायचं नाही. कुणी नळाकडं, कुणी चिंचेखाली, कुणी उगाचच कुंपणाकडं. मैदान पार विस्कटलं की मास्तर शिट्टी खिशात घालायचे आणि म्हणायचे, “झ्याक! आता जमलं.”

मी तेव्हा सांगलीहून सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नोकरीला गेले होते. इतिहास शिकवायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ह्या माणसाला कवायत येतच नाही, कुणाच्या तरी वशिल्यानं चिकटलाय झालं! मग कळलं, की मास्तर फौजेतून आलेले, मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लढलेले. माण तालुक्याकडचे, घरची मेंढरं. त्यांना शाळेतलं प्रत्येक पोरगं नावानं ठाऊक. नुसतं नाव नव्हे, बाप कोण, आई कुठली, घरात कोण आजारी, सगळं. मी कौतुक केलं तर म्हणाले, “त्यात काय वो बाई? मेंढरं राखणाऱ्याला येकूण येक मेंढरू वळखावं लागतंच की.”

आणखी एक खोड होती. सकाळी प्रतिज्ञा म्हणताना सगळी शाळा उजवा हात समोर करायची. तेवढ्यापुरते मास्तर पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभे राहायचे. “त्यो हात मला बघवत न्हाई,” एवढंच सांगायचे. आणि मुलांची कवायत कुणी वाखाणली की त्यांचं ठरलेलं बोलणं, “लय जमलं की भ्या वाटतं गड्या.” आम्ही हसायचो. फौजी माणूस आणि म्हणे भ्या वाटतं! मी स्वतः पालीला भिणारी बाई, मला तर फारच गंमत वाटायची.

ही गंमत आणीबाणीच्या वर्षी संपली. आमच्या शाळेतले गणिताचे सर एका सकाळी पोलिसांनी उचलून नेले. का नेलं, हे विचारायचीसुद्धा चोरी. शिक्षकांच्या खोलीत बोलणं पावसापाण्यापुरतं उरलं. बोलायचे ते फक्त आबासाहेब, म्हणजे आमच्या संस्थेचे चेअरमन. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. गरीब मुलांना पुस्तकं तेच गुपचूप घेऊन द्यायचे. पण त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा आमच्याकडं ते बऱ्याच घरांत होतं. जर्मनीचा तो हुकूमशहा म्हणजे आपलाच माणूस!

“बाई, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते ऱ्हाऊ द्या,” नववीच्या धड्यावरून ते मला म्हणाले. “त्याच्या झेंड्यावर काय होतं? स्वस्तिक. आपण उंबऱ्यावर काढतो तेच. मांस खात नव्हता, दारूला शिवत नव्हता. निम्मा संन्यासीच की हो! पाद्र्यांना हाकललं आणि जर्मनांचे जुने देव परत बसवले. अशी शिस्त आपल्याकडं पाहिजे.” मी मान डोलावली. कोपऱ्यात काळेल मास्तर चहा पीत होते. त्यांनी कप अर्धाच खाली ठेवला आणि ते बाहेर गेले.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला चिंचेखाली बोलावलं. “बाई, तुमी इतिहास शिकवता म्हणून सांगतो. मी हुतो तिथं.”

मास्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले होते आणि कैदी म्हणून जर्मनीत पोचले होते. तिथं डोंगरातल्या एका खेड्यात त्यांना शेतकामाला लावलं. शेत एका म्हातारीचं. तिच्याकडूनच ते तिथली भाषा कामापुरती शिकले. तिच्यात आणि आपल्या आईत फरक तो फक्त लुगड्याचा, असं ते म्हणायचे. ती म्हातारी रविवारी देवळात जायची, येशूची प्रार्थना करायची. पण कापणी झाली की शेवटची पेंढी शेतातच उभी ठेवायची, त्यांच्या येशूपूर्वीच्या जुन्या देवाच्या घोड्यासाठी. “मला लय बरं वाटलं बघा. आमच्यात बी खळ्यावरची पयली रास देवाला दावत्यात. म्हनलं, हितं बी माणसंच हायत.”

मग तिथं उजवा हात समोर करून सलाम ठोकणारे वर्दीवाले आले. त्यांनी म्हातारीच्या शेतातली पेंढी उचलली आणि त्यांच्या सभेच्या मांडवात नेऊन झेंड्याखाली बांधली. जुना देव जागा झालाय, आता हा येशू नावाचा परका देव गावातून घालवा, असं भाषण झालं. तिथला पाद्री म्हातारा होता. तो उठून म्हणाला, बाबांनो, हे जुनं नाही, हे तुम्ही काल बनवलंय. पुढच्या रविवारी देवळाला कुलूप.

“म्हातारीनं येका वर्दीवाल्याला इचारलं, तुमचा त्यो मोठा सायब कुठला देव मानतो रं? त्यो म्हनला, आजे, आता त्योच देव.” मास्तरांनी हे सांगताना मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मीही पाहिलं.

उन्हाळ्यातला मोठ्यात मोठा दिवस तिथं सणासारखा केला. विमानांच्या भीतीनं रात्री दिवा लावायला बंदी, म्हणून मशाली उजेड असतानाच पेटवल्या. ज्योत दिसत नव्हती, नुसता धूर. गावची पोरं मशाली घेऊन माळावर त्या स्वस्तिकाच्या आकारात उभी राहिली. त्यात म्हातारीचा नातू होता. कुलूप लागल्यापासून लपून बसलेल्या पाद्र्याला त्याच वेळी शोधून काढून पोरांच्या समोरून ओढत नेलं. त्या पाद्र्यानंच नातवाला लहानपणी लिहायला शिकवलं होतं. “म्हातारी वरडली, नातवाचं नाव घेऊन वरडली. पोरगं रांगेतनं हाललं न्हाई वो बाई. डोळा सुदिक हालला न्हाई. म्या मरणं लय बघितली, पण तेवढं भ्या मला कवाच वाटलं न्हाई.” पुढच्या कापणीला म्हातारीनं पेंढी ठेवली नाही. माझा देव त्यांनी नेला, म्हणाली.

पुढं दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीच्या वाचनालयात बसून ह्यावर बरंच वाचलं. त्या हुकूमशहाचा धर्म शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. धर्मगुरूंपुढं तो त्यांच्यासारखं बोलायचा. त्याच्या हाताखालचे जुने देव उकरून काढायचे, त्यांना तो पाठीमागं हसायचा. नियतीनं मला निवडलंय, ह्या एका गोष्टीवर मात्र त्याची पक्की श्रद्धा. म्हणजे ती खेड्यातली म्हातारी आणि तिची पेंढी खरी, बाकी सगळा बनाव. आबासाहेबांना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आबासाहेबांनी हुकूम काढला. स्नेहसंमेलनाला मंत्री येणार, त्यांच्यापुढं मशालींची कवायत. मुलांनी मैदानावर ‘अग्निस्वस्तिक’ करायचं.

मास्तर नाही म्हणाले. हेडमास्तरांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, “मास्तर, एकाला नेलंय. दुसरा कोण, ते मला लिहून द्यायला लावू नका.” मास्तर बाहेर आले ते पांढरेफटक. मला म्हणाले, “करतो म्हनलो. मी न्हाई केलं तर दुसरा कुणीतरी करंल. शिट्टी माझ्या हातात असंल तर मोडता तरी ईल.” मग हळूच म्हणाले, “पण बाई, मी विसर्जन म्हनलं आन् पोरं पांगलीच न्हाईत तर?”

तेव्हा मला त्यांच्या इतक्या वर्षांच्या अर्धवट कवायतीचा अर्थ लागला. हा माणूस मुलांना रांगेत उभं राहायला शिकवतच नव्हता. ऐन रंगात आल्यावर रांग सोडायला शिकवत होता. सुरुवातीच्या तालमी तशाच झाल्या. आकार जमला की विसर्जन, आणि मुलं हसत चहूकडं. पण शेवटच्या आठवड्यात आबासाहेब स्वतः बँड घेऊन आले. “हे विसर्जन-बिसर्जन बंद. मी हात खाली केल्याशिवाय कुणी हलायचं नाही. काय?” मुलं एका आवाजात म्हणाली, “नाही!” मास्तर टाकीमागं गेले ते बराच वेळ आले नाहीत.

संमेलनाच्या दिवशी सूर्य नुकताच बुडाला होता. बँड वाजला, मशाली पेटल्या, चार रांगा चार बाजूंनी चालत आल्या आणि मधोमध जुळल्या. गर्दीतून टाळ्यांचा नुसता पाऊस. मीही टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला, “विसर्जन!”

एकही मुलगा हलला नाही.

“विसर्जन!” मास्तरांनी शिट्टी फुंकली. मुलांचे डोळे व्यासपीठाकडं, आबासाहेबांच्या वर केलेल्या हाताकडं. रोज मधल्या सुट्टीत दंगा करणारी, माझ्या तासाला खडू पळवणारी आमची पोरं ती. कुणाच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. टाळ्याही थांबल्या.

मग मास्तर चालत मध्ये गेले. जमून आलेल्या रांगेला भिणारा माणूस, आगीच्या रांगांमधून गेला. आणि हुकमाच्या नव्हे, घरच्या आवाजात बोलायला लागला. “तानाजी, आरं तुझी आय तापानं पडलीया, जा तिच्याजवळ. शब्बीर, बा वाट बघतोय तुझा दुकानात. ए नाम्या, तुला अंधारात भ्या वाटतंय ना? मग जा की बाळा आत्ताच.” तिकडं त्या म्हातारीनंही नाव घेऊनच हाक मारली होती, हे मैदानावर फक्त त्यांना आणि मला ठाऊक होतं.

तानाजीनं मान वळवली. मशाल मातीत खुपसली आणि चालायला लागला. मग शब्बीर. मग नाम्या रडतच पळाला. मास्तर नाव घेत गेले, पोरं निघत गेली, आणि तो आकार खालून वरून कुरतडल्यासारखा होत होत मोडला. सगळा नाही. व्यासपीठाजवळची एक रांग मशाली विझेपर्यंत तशीच उभी होती. त्यांचीही नावं मास्तरांनी घेतली होती, दोन-दोनदा घेतली होती. ती रांग आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मास्तर पुढं आणीबाणी उठल्यावर तुरुंगातून सुटले, माणला गेले, मेंढरं राखली, आणि थोड्याच वर्षांत वारले. त्यांचा पोरगा मला सांगलीत भेटला तेव्हा हे कळलं. पण मला ते आठवतात ते संमेलनानंतरच्या सकाळचे.

मी वर्गात हजेरी घेत होते. खाली जीप आली. कुणी खिडकीशी जायचं नाही, असा हेडमास्तरांचा निरोप सगळ्या वर्गांत फिरला होता, आणि सगळी शाळा अगदी गप्प बसली होती, एका रांगेत, हाताची घडी घालून. दोन पोलिसांच्या मधून मास्तर मैदान ओलांडत होते. ती शांतता मला कालच्या रांगेसारखी वाटली आणि मी घाबरले, इतकी घाबरले की जागेवर बसवेना. मी खिडकीशी गेले. तोंडातून दुसरं काही निघेना, म्हणून हजेरीच्याच सुरात ओरडले, “केरबा काळेल!”

जीपच्या पायरीवर मास्तर थांबले. मागं वळले, मान वर करून त्यांनी खिडकी शोधली आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडले, “हजर, बाई!”