आत जागा कमी आहे

नाताळात घर सोडून जायचं नाही असा आमच्या वसईत काही कायदा नाही, पण कुणी जात नाही. मी गेले. नवऱ्याला, दोन्ही मुलांना आणि मुख्य म्हणजे आईला घेऊन काशीदला गेले. का गेले तेही सरळच सांगते. भावाचं घर नाताळच्या दिवशी रिकामं राहावं म्हणून.

मावश्यांना सांगताना मी हवापालट, मोकळीक, समुद्र अशी कारणं दिली. समुद्र आम्हाला वसईतही आहे, हे एकीच्याही लक्षात आलं नाही.

त्याच्या आदल्या नाताळची गोष्ट. माझा भाऊ माझ्याहून धाकटा. जुनं घर पाडून त्याने तिथे बंगला बांधला होता आणि त्या वर्षी बंगल्यातला पहिला नाताळ होता. बिल्डर आले होते, पुढारी आले होते, त्यांच्या गाड्या गल्लीच्या तोंडापर्यंत लागल्या होत्या. मी फुलांचा धंदा करते. चाफ्याची टोपली डोक्यावर घेऊन सुरुवात केली, आज लग्नांचे मांडव आणि चर्चची सजावट माझ्या फुलांनी होते. फुलं पोचवायला आमचा स्वतःचा टेम्पो आहे आणि तो माझा नवरा चालवतो. नाताळच्या दिवशी शेवटचे हार पोचवून तो तसाच, कामाच्या शर्टावर, भावाच्या दारात आला. भाऊ पायरीवरच उभा होता. म्हणाला, "भावोजी, आत जागा कमी आहे. तुम्ही जरा मांडवात बसून घ्या."

मांडवात पाहुण्यांचे ड्रायव्हर जेवत होते.

मी आत वाढत होते. हातात डाव, समोर खिडकी. नवरा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कागदी ताटलीत जेवत होता आणि शेजारच्या ड्रायव्हरला टेम्पोच्या टायरबद्दल काहीतरी सांगत होता. हसतसुद्धा होता. आत टेबलापाशी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. कुणीतरी मोठं यायचं म्हणून राखून ठेवलेल्या. ते मोठं माणूस आलंच नाही, खुर्च्या शेवटपर्यंत तशाच राहिल्या.

माझ्या नवऱ्याला राग येत नाही. त्याच्या वाट्याचा रागही मलाच करावा लागतो. त्या दिवशी मी काही बोलले नाही, कारण पुढाऱ्यांसमोर आरडाओरडा केला असता तर लोकांनी माझं तोंड लक्षात ठेवलं असतं आणि भावाचं वागणं ते विसरले असते. मी विचार केला, ह्याला लागेल असं काय आहे? तेव्हा खुर्चीत बसलेल्या आईकडे माझी नजर गेली.

आमच्याकडे चर्चमध्ये नाताळची मिस्सा झाली की सगळं गणगोत घराण्यातल्या सगळ्यात वडील माणसाकडे आशीर्वादाला येतं. वडील गेल्यापासून ते माणूस म्हणजे आई. येणारा वाकतो, आई अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूस काढते, मग केक, तळलेले फुगे, घरची वाइन. आई भावाकडे राहते, म्हणून नाताळ भावाकडे. त्याला मात्र वाटतं की लोक त्याचा संगमरवर बघायला येतात. मी ठरवलं, पुढच्या वर्षी फक्त संगमरवर ठेवायचा.

गणपतीच्या दिवसांतच मी काशीदला एक घर धरलं. नाताळाचं घर नाताळाच्या तोंडावर शोधणाऱ्याला मालक सोलून काढतो. गणपतीत मालकाचं डोकं मोदकांत असतं. घर समुद्रापासून जरा आत, सुपारीच्या वाडीत, पुढे लांब पडवी. मालक पक्का निघाला.

"ताई, नाताळाला हितं पाय ठेवाया जागा न्हाय ऱ्हात. भाव कमी न्हाय व्हनार."

"आत्ता विचारतंय कोण तुला? मी एकटीच ना?"

भाड्यात तो खाली उतरला, पण मी नाताळाचं मटण म्हटल्यावर पुन्हा अडला. "डुकराचं आमच्या घरान न्हाय चालत."

"शिजवून आणते. भांडी माझी. गरम करायची ती बाहेरच्या चुलीवर. बाकी आत मासळीच करीन."

"तरी पन..."

"मुलीचं लग्न आहे म्हणालास ना? हळदीच्या मांडवाला फुलं माझी. झेंडू नव्हे, मोगरा."

फोनवर त्याने बायकोला 'मोगरा' असं ओरडून सांगितलेलं ऐकू आलं. मग, "चूल मागल्या अंगणान हाय. व्हय, चालंल."

आईला पटवणं ह्याच्यापेक्षा अवघड जाईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "देव जन्माला यायचा आणि आपण घर सोडून हिंडायचं?"

"देवाची आई कुठे घरी होती? तीही घर सोडूनच गेली होती."

आई खूप हसली. "तुझ्या तोंडाला लागून कुणाचं भलं झालंय?" म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. भावाला तिने एवढंच सांगितलं की पोरीबरोबर समुद्रावर जाते. किती दिवस, ते त्याने विचारलं नाही. त्याला तेव्हा लायटिंगवाल्याशी बोलायचं होतं.

भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट बोटीत चढलो. आई वरच्या मजल्यावर डोळे मिटून, जपमाळ हातात धरून बसली ती मांडवा येईपर्यंत. उतरल्यावर म्हणाली, "एवढंच होतं होय?" आणि पुढे अलिबाग ओलांडेपर्यंत ती प्रत्येक गावाचं नाव विचारत होती. चोवीसला आम्ही वाडीत गव्हाण मांडली, सुपारीच्या झावळ्यांचं छप्पर, शेजारच्या गोठ्यातलं खरं गवत. मुलगी म्हणाली की ह्या वर्षी पहिल्यांदाच गव्हाणीला गव्हाणीचा वास येतोय. संध्याकाळी भावाचा फोन आला.

"ताई, आईला आणतेस ना आज?"

"सत्तावीसला."

"सत्तावीस? उद्या नाताळ आहे!"

"हो, इथेही उद्याच आहे."

"अगं, उद्या सगळे येणार. मावश्या, काका. माझे पाहुणे वेगळे. मी काय सांगू?"

"सांग, आई काशीदला आहे. केक खा आणि जा."

"तू हे मुद्दाम केलंस."

"मग? चुकून गाडी बोटीत चढते का?"

त्याने फोन ठेवला. मला फार दिवसांनी चांगली भूक लागली.

सकाळी आम्ही कोर्लईच्या चर्चमध्ये मिस्सेला गेलो. बाहेर अंगणात गावातल्या बायका त्यांच्या वेगळ्याच बोलीत बोलत होत्या, पण आईच्या केसांतला गजरा बघून एकीने मराठीत विचारलं, कुठून आणला. आई म्हणाली, "लेकीचा धंदा हाय." एवढ्या मानाने माझ्या धंद्याबद्दल ती आमच्या गावात कधी बोलली नव्हती.

परत आलो तर फोन सुरू झाले. मावश्यांनी भावाकडे जायचं रद्द केलं होतं. एकेक मावशी आईला व्हिडिओ कॉल करून डोकं पुढे करायची आणि आई समोरच्या काचेवर अंगठ्याने क्रूस काढायची. अंगठा लाल बटणावर पडून कॉल कट व्हायचा. मावशी पुन्हा लावायची, पुन्हा आशीर्वाद, पुन्हा कट. माझी मुलं हसून लोळत होती. मी प्रत्येक कपाळ मनात मोजत होते. त्यातलं प्रत्येक भावाच्या दिवाणखान्यातून कमी झालेलं कपाळ होतं.

जेवणाच्या वेळेला मी टेबल मांडलं. आई मधोमध, तिच्या उजव्या हाताला नवरा. इंदेल, म्हणजे आमचं व्हिनेगर घातलेलं डुकराचं मटण, जे मुरेल तितकं चांगलं लागतं, ते चुलीवरून उतरवून मागच्या दाराने आत आणलं. भरलेलं पापलेट होतं. आईने भल्या सकाळी आंबवलेल्या पिठाचे फुगे तळले होते, गोल, टम्म. एवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

भाऊ उतरला, पाहुण्यांना येऊ नका सांगून आलेला. मागून भावजय आणि त्यांची मुलगी. वडखळच्या रांगेत अडकून सगळ्यांचे चेहरे उतरले होते. ड्रायव्हर गाडीपाशीच उभा राहिला. आल्या आल्या भाऊ आईसमोर वाकला, आईने क्रूस काढला. आम्हा चौघांना सोडून त्या दिवशी तिच्या अंगठ्याला लागलेलं हे पहिलंच खरं कपाळ.

मग तो खुर्ची ओढायला लागला. मी म्हटलं, "आत जागा कमी आहे रे. तू जरा पडवीत बसून घे."

भावजयीने माझ्याकडे पाहिलं, भावाने टेबलाकडे. खुर्च्या होत्या. त्याला कळलं. तो पडवीत गेला आणि बाकावर बसला. बायको-मुलगी त्याच्या मागे. मी पायरीवर जाऊन त्याच्या ड्रायव्हरला हाक मारली.

"दादा, आत या. आईच्या शेजारी बसा."

"नको मॅडम, मी गाडीत खाईन."

"मॅडम नाही, ताई. या."

तो बिचारा आला, खुर्चीच्या कडेवर टेकला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसला. समोरचा फुगा त्याने उचलला नाही. मी त्याला वाढत होते आणि त्याची नजर पडवीतल्या आपल्या साहेबाकडे. हे मला आवडलं नाही, पण बदला तर बरोबर बसला होता, मापात.

आधी माझी मुलगी ताट घेऊन उठली. मामेबहीण बाहेर आहे, म्हणाली. तिच्या मागे मुलगा. मग नवरा उठला.

"तुम्ही कुठे?"

"बाहेर जरा वारा आहे," तो म्हणाला, आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून त्यालाही घेऊन गेला. ड्रायव्हर जवळजवळ पळालाच.

राहिली आई. तिने फुग्यांची परात उचलली.

"आई, बस."

"आज सकाळीच चर्चमध्ये वाचलं ना, आत जागा नव्हती म्हणून देवाच्या आईला गोठ्यात जावं लागलं? आणि तू आजच्याच दिवशी तेच म्हणतेस?"

"गेल्या वर्षी त्यालाही तेच वाचून दाखवलं होतं."

"व्हय," आई म्हणाली. "तो तेव्हाही झोपला होता." आणि परात घेऊन गेली.

मी एकटी टेबलाच्या टोकाला. बाहेर हशा. आईला माझ्या टेबलावर बसवायचं म्हणून मी गणपतीपासून खपले होते आणि आई पंधरा पावलांवर, भावाच्या बाकावर. पण मी उठले नाही. मी पापलेट घेतलं, शेपटीपासून डोक्यापर्यंत नीट खाल्लं.

थोड्या वेळाने भाऊ आत आला, रिकामी ताटली घेऊन.

"ताई, इंदेल आहे का अजून?"

"आहे." मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

तो मला जन्मापासून ओळखतो. "काय पाहिजे तुला?"

"माफी."

"मागितली समज."

"समजून मी काही घेत नाही. तोंडाने."

"बरं बाई, चुकलं."

"मला कशाला सांगतोस? तुझ्या भावोजींना सांग. बाहेर, सगळ्यांसमोर. तुझ्या बायकोसमोर, ड्रायव्हरसमोर."

"ड्रायव्हरसमोर कशाला?"

"गेल्या वर्षी ड्रायव्हरांच्या देखतच झालं होतं."

"बायकोसमोर म्हणतो. ड्रायव्हरला पाणी आणायला पाठवतो."

"मग इंदेलही पाण्याबरोबरच येईल."

तो गप्प झाला. मी इतकी वर्षं पहाटेच्या बाजारात भाव केले आहेत, समोरचा कधी मोडतो ते मला कळतं. तो बोलायचा थांबतो आणि मालाकडे बघतो. भावाने पातेल्याकडे पाहिलं. मग वळून बाहेर गेला. मी दारात उभी राहिले, पदराला हात पुसत. मला एक अक्षर चुकवायचं नव्हतं.

"भावोजी," भाऊ म्हणाला. आवाज खाली. "गेल्या नाताळला मी तुम्हाला..."

"अरे, रिकामी ताटली घेऊन काय उभा आहेस?" माझा नवरा म्हणाला. "बस, जेव आधी. हे घे." आणि आपल्या ताटातलं इंदेल उचलून त्याने भावाच्या ताटलीत घातलं.

भाऊ बसला. फुगा मोडला, रश्शात बुडवला आणि तोंडात घातला. झालं.

"त्याला बोलू द्या!" मी ओरडले.

आई म्हणाली, "आता काय राहिलंय?"

"वाक्य राहिलंय!"

सगळे हसले. ड्रायव्हरसुद्धा. भाऊ हसला नाही. तोंडात घास धरून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला स्पष्ट दिसलं की माल फुकट मिळाला हे त्याला कळलंय आणि ते मलाही कळलंय हेही.

मी एवढा वर नेलेला भाव माझ्या नवऱ्याने दमडी न घेता सोडून दिला. परतीच्या बोटीपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते ध्यानात आलं की नाही, मला शंका आहे. भावाने ते वाक्य अजून पुरं केलेलं नाही. भेटला की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते, आणि तो हवापाण्याचं बोलतो.