रसीदक्का आणि सायकलीचं तिकीट

अक्का शहाळ्याच्या गाडीवरही पावती मागायच्या. म्हैसूरच्या अग्रहार भागात, आमच्या चौकातल्या शहाळेवाल्याकडे पावतीपुस्तक असणं शक्यच नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी अशांपुरता नियम थोडा सैल केला होता. कागद नसेल तर तोंडानं कबूल करायचं. त्यामुळे अक्कांनी पैसे पुढे केले की तो कोयता खाली ठेवून, सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचा, "दुड्डु बंतु, अक्का!" म्हणजे पैसे पोचले. मग अक्का समाधानानं शहाळ्यात नळी घालायच्या.

जन्मभर त्या वीज कचेरीत बिलाच्या खिडकीमागे बसल्या होत्या. समोर येणारा प्रत्येक माणूस "मी भरलंय हो" म्हणायचा आणि पावती मात्र नसायची. "पैसा देणं काही मोठं नव्हे गं," त्या मला सांगायच्या, "दिला म्हणून दुसऱ्यानं कबूल करणं, ते मोठं." कन्नडमध्ये पावतीला रसीदि म्हणतात. त्यावरून सगळ्या गल्लीनं त्यांचं नाव रसीदक्का ठेवलं होतं. रिक्षावालेही याच नावानं ओळखायचे. त्यांचं खरं नाव मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि ते त्यांना अजिबात शोभत नव्हतं.

मी नाशिकहून नोकरीसाठी म्हैसूरला आले तेव्हा ज्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले, त्याच्या शेजारी अक्का राहायच्या. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून इथलं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकी मुरलेली होती की पहिला महिनाभर मी नुसतीच मान डोलवत होते. "सुम्ने, नुसती बसून काय करतीस? स्वल्प चाल की माझ्याबरोबर," असं त्या म्हणाल्या, आणि मी चालायला म्हणून खाली उतरले, तर त्या सायकल घेऊन उभ्या. साधी नाही, डोंगरातली. जाड नक्षीदार टायर, पुढे स्प्रिंगा, हँडलजवळ गियरांचा खटका. भाचा कॅनडाला जाताना ती त्यांच्या अंगणात सोडून गेला होता. "पडून राहिली तर गंजंल," एवढंच त्यांचं म्हणणं. साठी उलटलेल्या बाईनं सलवारीच्या पायाला कपड्याचे चिमटे लावून, अंबाडा मानेवर उतरवून, त्यावर हेल्मेट चढवलेलं पाहिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात मी सायकल विकत घेतली.

आमच्यात तिसरे होते डॉक्टर. पुण्याचे, दातांचे. स्वभावानं तत्त्वाचे. रविवारी सकाळी आम्ही तिघं नरसीपूरच्या रस्त्याला लागायचो आणि आत वळून नविलुगुड्डावर जायचो. नविलुगुड्ड म्हणजे मोरांची टेकडी. खुरटी झुडपं, काळे खडक, वनखात्याची राखीव जमीन. वर जाणारी पायवाट सायकलीसाठी जणू मुद्दाम आखल्यासारखी होती. अक्का चढावर कधी उतरायच्या नाहीत. धापा टाकत, कन्नडमध्ये सायकलीला शिव्या घालत, पण चढायच्याच.

आणि एका रविवारी पायथ्याशी आडवा बांबू दिसला. बांबूमागे खाकी कपड्यातला रखवालदार, त्याच्या हातात तिकिटांचं पुस्तक. सायकलवाल्यांना आता शुल्क आहे, म्हणाला.

डॉक्टर तिथल्या तिथे पेटले. "जंगल सरकारचं, म्हणजे आपलं. आपल्याच घरात शिरायला तिकीट?"

अक्का मात्र पाकीट काढून मोकळ्या झाल्या होत्या. "घे बाबा. रसीदि कोडप्पा, पावती दे."

इथे घोटाळा सुरू झाला. ते पुस्तक दुसऱ्याच कुठल्या जंगलाचं होतं. त्यात जीप होती, मोटारसायकल होती, कॅमेरा होता, बैलगाडीसुद्धा होती. सायकल नव्हती. रखवालदारानं आमच्या चाकांकडे पाहिलं, बराच विचार केला आणि मोटारसायकलीचं तिकीट फाडायला घेतलं.

"यात इंजीन कुठाय?" अक्का म्हणाल्या.

"चाकं दोन आहेत ना?"

"बैलगाडीचं द्या," डॉक्टर म्हणाले, "ते स्वस्त असेल."

"आणि बैल कोण?" अक्का म्हणाल्या. "तू का मी?"

शेवटी मोटारसायकलीची तीन तिकिटं घेऊन आम्ही निघालो. अर्ध्या चढावर दुसरी चौकी लागली. तिथला शिपाई कोवळा, नवाकोरा, इस्त्रीचा. त्यानं तिकीट उलटसुलट करून वाचलं आणि हात आडवा केला. "पुढे मोटारसायकल बंद."

"ही मोटारसायकल दिसते का तुला?" अक्कांनी विचारलं.

"नाही. ही सायकल."

"मग सोड."

"सायकलीचं तिकीट दाखवा."

"ते छापलेलंच नाही रे!"

"मग तुम्ही विनातिकीट."

डॉक्टरांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. मी अक्कांकडे पाहिलं. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण अक्कांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला होता की विचारू नका. "बघा, बघा," त्या आम्हाला म्हणाल्या, "पोरगा कागद वाचतोय! अक्षर न् अक्षर वाचतोय!" त्यांनी डबा उघडला, त्याला गोज्जवलक्की म्हणजे चिंचगुळाचे पोहे दिले, त्याचं गाव विचारलं, आणि आम्ही चढ न चढताच परत फिरलो.

पुढच्या रविवारपर्यंत डॉक्टरांनी अर्ज तयार केला. सायकलवरचं शुल्क रद्द करा, जंगल जनतेचं आहे, वगैरे. खाली पहिली सही अक्कांची. शहरातल्या आणखी बऱ्याच सायकलवाल्यांनी सह्या केल्या, आणि सगळ्यांच्या वतीनं बोलायचं अक्कांनीच, असं ठरलं. कन्नड त्यांची, वयही त्यांचं. पण बोलण्याआधी ज्यानं शुल्क लावलं त्याचं तोंड बघितलं पाहिजे, असा अक्कांचा हट्ट. म्हणून मी आणि त्या वनाधिकाऱ्यांच्या कचेरीत गेलो.

अधिकारी तरुण होते आणि दमलेले होते. चुकीच्या तिकिटांची हकीकत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "अक्का, माझ्याबरोबर टेकडीवर येता?" त्यांनी आम्हाला वळणापलीकडच्या उतारावर नेलं. तिथे आमच्या लाडक्या पायवाटेच्या शेजारी आणखी चार वाटा फुटल्या होत्या. कुणाला दगड चुकवायचा होता, कुणाला वेग हवा होता. चाकांनी गवत गेलं, मग पावसाच्या पाण्यानं माती नेली, आणि गुडघाभर खोल घळ पडली होती. थोडं पुढे उघड्या खडीवर त्यांनी बोट दाखवलं. टिटवीचं घरटं. घरटं कसलं, चार खडे इकडेतिकडे केलेले. तीन अंडी होती, अगदी खड्यांसारखीच. एक फुटलेलं होतं, आणि त्यावरून नक्षीदार टायरचा ठसा सरळ पुढे गेला होता.

अक्का खाली बसल्या. ठशाकडे बघत राहिल्या. "ही नक्षी माझ्या चाकाची आहे," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांच्या चाकांना हीच असते, अक्का," अधिकारी म्हणाले. "वरून हुकूम होता, सायकल पूर्ण बंद करा. मीच म्हटलं, शुल्क घेऊ, वाट दुरुस्त करू, वणव्याच्या दिवसांत राखणीला माणसं ठेवू. शुल्क रद्द झालं तर वाटच बंद होईल."

परत येताना अक्कांनी रिक्षावाल्याला पैसे दिले आणि त्याच्या तोंडून कबुलीसुद्धा घेतली नाही. तो बिचारा काही चुकलं की काय म्हणून थांबून राहिला.

अर्जावर वनखात्यानं बोलावलेली सभा टेकडीखालच्या गावातल्या शाळेत झाली. एका बाजूला आम्ही सायकलवाले, दुसऱ्या बाजूला गावकरी, मध्ये टेबलामागे अधिकारी. डॉक्टरांनी अर्ज वाचला. टाळ्या पडल्या. मग अक्का उठल्या.

"यावर पहिली सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "ती मी काढून घेते."

डॉक्टर अर्धवट उभे राहिले. "अक्का, तुम्ही आमच्या बाजूच्या ना?"

"बाजू टेकडीला असते रे डाक्टरा. एक चढाची, एक उताराची. मला कसली बाजू? तू म्हणतोस आपलं घर आहे. तुझ्या घरात झाडतं कोण? त्या बाईला काही देतोस का नाही?" मग त्या टेबलाकडे वळल्या. "शुल्क घ्या. पण सायकलीचं म्हणून घ्या, मोटारसायकलीचं नको. आणि या टेकडीचा पैसा या टेकडीवरच लागला पाहिजे. कुठं लागला ते रसीदीच्या पाठीवर छापा. आणि टिटवी अंडी घालते तेव्हा आम्हाला आत सोडू नका. मी कितीही भांडले तरी सोडू नका."

मागून एक म्हातारा धनगर उठला. आज सायकल, उद्या आमच्या शेळ्यांनाही तिकीट लावणार का, असं त्यानं रागानं विचारलं. गावकऱ्यांत कुजबुज वाढली.

"शेळीला रसीद देऊन उपयोग नाही, अज्जा," अक्का म्हणाल्या. "ती खाऊन टाकंल."

आधी म्हातारा हसला, मग गाव हसलं, मग अधिकारीही. त्या हसण्यात सभेचं काम झालं. सायकलीचं वेगळं तिकीट निघालं, पाठीवर दोन ओळींचा हिशेबही छापला गेला, आणि वाट उघडी राहिली. पहिलं तिकीट अक्कांनी घेतलं आणि वाटेत भेटेल त्याला दाखवलं.

डॉक्टर मात्र आमच्याशी बोलेनासे झाले. त्यांनी तत्त्वासाठी टेकडीच्या मागच्या अंगानं, काट्याकुट्यांतून, तिकीट न काढता वर जायचा मार्ग शोधून काढला. तिसऱ्या की चौथ्या खेपेला ते त्याच घळीत सायकलीसकट गेले आणि उजवं मनगट मोडून बसले. दातांच्या डॉक्टरानं उजवा हात गळ्यात अडकवून बसणं म्हणजे दवाखान्याला कुलूपच. अक्का थर्मासमध्ये गरम सारू, म्हणजे आपलं सार, घेऊन त्यांना भेटायला गेल्या. प्लास्टरकडे बघून म्हणाल्या, "तिकीट नाही काढलंस तरी रसीदि मिळाली वाटतं."

डॉक्टरांनी रागवायचा प्रयत्न केला, पण सारू फार चांगलं झालं होतं. हात बरा झाल्यावर पहिल्याच रविवारी ते बांबूपाशी पैसे हातात धरून उभे होते.

पुढची दोनेक वर्षं अक्कांनी त्या टेकडीला सळो की पळो करून सोडलं. पाणी वळवायला वाटेवर आडवे दगड बसवले होते, त्यातला प्रत्येक दगड त्या उतरून पायानं हलवून बघायच्या. हलला तर चौकीवर हजर. "माझा दगड हलतोय!" तो इस्त्रीचा शिपाई त्यांना लांबून बघूनच पहार शोधायला पळायचा. अंड्यांच्या दिवसांत टेकडी बंद असे, तेव्हा आम्ही भलतीकडे जायचो. एकदा तलकाडला गेलो. वाळूत चाकं रुतून बसली, सायकली खांद्यावर घेऊन देवळं बघावी लागली, आणि अक्का दिवसभर कावेरीत पाय सोडून बसून आम्हा दोघांना हसत राहिल्या.

मग एका रविवारी, वरच्या चौकीच्या अलीकडे, अक्का थांबल्या आणि वाटेकडेच्या एका वारुळाला म्हणाल्या, "काय रे, जेवलास का?" वारूळ गप्प. "विचारतीय ना मी? तोंडात काय धरलंयस?" त्यांना तो शिपाई वाटला होता. मी आणि डॉक्टर पोट धरून हसलो. अक्काही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पण परतीच्या उतारावर त्या सायकलीवर बसल्याच नाहीत. हँडल धरून, पाय चाचपडत, सगळा उतार चालत उतरल्या. चढावर कधी न उतरलेली बाई. आम्हीही उतरलो आणि मागोमाग चालत राहिलो.

अक्कांच्या डोळ्यांच्या नसा सुकत चालल्या होत्या. औषधानं नजर आहे तिथेच थांबेल, गेलेली परत येणार नाही, असं डोळ्यांच्या दवाखान्यात सांगितलं. अक्कांनी रडारड केली नाही. सायकल त्या शिपायाला देऊन टाकली, तो आता तिच्यावरून गस्त घालतो. घर भाड्यानं दिलं आणि त्या धारवाडला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. निघताना रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, "रविवारी फोन कर. टेकडीवरून कर. घरून केलास तर मला कळतं."

खरंच कळतं. एकदा अंथरुणातून केला होता, तर त्यांनी एवढंच विचारलं, "पंखा कुठल्या झाडाला लावलाय?" तेव्हापासून मी निमूटपणे जाते. वर पोचले की फोन लावते, आणि काय काय दिसतंय ते सांगते. दगड जागेवर आहेत, गवत घळीत उतरलंय, डॉक्टर मागे राहिलेत. त्या मधूनमधून हुंकार देतात.

परवा वर वारा छान सुटला होता. झुडपांत मोर ओरडत होते. मी म्हटलं, अक्कांना दाखवता येत नाही, निदान ऐकवावं. "अक्का, ऐका हं," म्हणून मी फोन हातात उंच धरला. बराच वेळ धरला. मग कानाला लावून विचारलं, "ऐकू आलं?"

"आलं की," अक्का म्हणाल्या. "धाप लागलीय तुला. वजन वाढलंय. आता बुधवारी पण चढत जा."