धरलेल्या पाखराची हाक

मी माझा बाप खाल्ला, असं माझी आत्या म्हणाली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. बापाला अजून उचललंही नव्हतं. चार माणसांदेखत तिनं माझ्या तोंडावर फटका मारला आणि म्हणाली, "ह्याच तोंडानं हाक मारली. ह्याच तोंडानं माझा भाऊ खाल्ला."

ती खोटं बोलत असती तर मी केव्हाच विसरले असते. हाक मी मारली होती.

आम्ही फासेपारधी. शिरूरच्या बाजूला, घोड नदीच्या वरच्या माळावर आमची तीन पालं होती. पारध्यांनी रोज चौकीवर हजेरी द्यायचा कायदा उठला असं मोठी माणसं म्हणायची, पण गावात काही गेलं की शिपाई पहिल्यांदा आमच्याकडेच यायचे. ते लांबून दिसले की पुरुष ज्वारीत शिरत. शिपाई गेले की एखाद्या बाईनं किंवा पोरानं बांधावरून तितराची हाक द्यायची. मग पुरुष बाहेर येत. आई माझ्या लहानपणीच वारली होती, त्यामुळे आमच्या पालातून हाक देणारी मीच. माझ्या हाकेला खरा तितर उत्तर देतो, असं बाप कौतुकानं सांगायचा.

त्या सकाळी गावातला कुणाचा तरी बैल चोरीला गेला होता. बाप ज्वारीत होता. एका शिपायानं माझं मनगट धरलं. आमची खूण त्याला कुणीतरी सांगितली असावी. दुसऱ्या हातानं त्यानं मला गुळाचा खडा दिला. "बोलव तुझ्या बापाला. नुसतं विचारायचंय. लगेच सोडतो," म्हणाला. मी विश्वास ठेवला. गूळ गालात धरून मी हाक दिली.

एरवी बाप वाकून, थांबत थांबत यायचा. त्या दिवशी तो सरळ उभा चालत आला, रिकामे हात पुढं करून. शिपाई त्याला घेऊन गेले. पाचव्या दिवशी मारून अर्धमेला केलेला बैलगाडीतून आणून टाकला. सहाव्या दिवशी तो गेला. बैल पुढं मालकाच्याच सोयऱ्याच्या गोठ्यात सापडला. ते सांगायला आमच्या पालावर कुणी आलं नाही.

आत्यानं मला वाढवलं. भाकरी वेळेवर द्यायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मला कळायला लागलं तशी मी पळाले आणि दौंडला आले. स्टेशनाबाहेर अंडी विकता विकता कोंबड्या ठेवल्या, मग बाजारात बसायची जागा भांडून मिळवली. रेल्वेच्या चाळीतल्या बाया म्हणायच्या, "हिच्याशी घासाघीस करण्यापेक्षा भिंतीशी करावी." कुणी जात विचारली तर मी म्हणायचे, "आम्ही नगरकडचे." आमची बोली तोंडातून गेली. माल आणायला पाटसकडे गेले आणि शेतातून तितर ओरडला, की मी कानांवर पदर आवळून घ्यायचे. असं दहा वर्षं चाललं.

एका बाजारच्या दिवशी एक म्हातारी तितर घेऊन आली. दोन टोपलीखाली, एक सुतळीनं पाय बांधलेला. मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पाखरू उचललं, छातीवरची पिसं फुंकरीनं बाजूला केली, अंगठ्यानं हाड चाचपलं.

"वाळलाय," मी म्हणाले. "ह्याला काय उपाशी ठेवलावता व्हय?"

"तुझ्यासारखी गिऱ्हाईकं भेटल्यावर मीबी वाळंनच की."

"द्यायचं तर दे, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "असं हाड बघायला तुला कुणी शिकवलं? माझा भाऊ असं बघायचा."

तेव्हा मी तिचं तोंड पाहिलं. पाखरू तिच्या मांडीवर टाकलं आणि आजूबाजूचा बाजार थांबून ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "ऊठ! माझ्या जाग्यावरनं ऊठ आधी! बाप खाल्लेलीच्या हातचं खायला आलीस व्हय?"

"हळू बोल."

"तू हळू बोललीवतीस?"

ती उठली नाही. मी ओरडून थकले, तोवर ती पाय बांधलेल्या तितराची सुतळी सैल करत बसली होती. टोपलीखालचा एक ओरडला. थोड्या वेळानं हा बांधलेला ओरडला.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "दोन्हींत फरक हाय."

होता. टोपलीखालचं का होईना, पाय मोकळे असलेलं पाखरू हाकेचा शेवट वर उचलतं. बांधलेल्याचा शेवट दबतो. हे मला बापानंच दाखवलं होतं आणि मी ते पार विसरले होते.

"त्या दिशी तुझी हाक दबली होती," आत्या म्हणाली. "मी पलीकडच्या बांधाला जळण येचत होते. मला तिथं कळलं, पोरीला धरलंय. मग त्याला कळलं नसंल? पारधी बांधलेल्या पाखराला कवा फसतो का? त्यो फसला न्हाई. तुझ्यासाठी आला."

 मी विचारलं, "मग मला बोललीस का?"

"म्या वाकून बघितलं. शिपायानं तुझं मनगट धरलेलं दिसलं. भाऊ बाहेर आला. मी बांधाआड बसून ऱ्हायले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "कुणाला तरी बोलल्याबिगर मला जगता येईना."

मी तिला क्षमा केली नाही. अजूनही पुरती केलेली नाही. चार माणसांत ठेवलेला बोल चार माणसांतच मागं घ्यायचा, एवढंच मी तिला सांगितलं. ती दोन दिवसांची मुदत मागत होती, मी एका दिवसाचीही दिली नाही.

शिरूरकडच्या माळावर आमच्या लोकांची पंचायत बसली. गाऱ्हाणं मला आमच्याच बोलीत मांडावं लागलं. शब्द अडखळत आले. दोन बाया हसल्या, मी त्यांना तिथंच झापलं, आणि झापताना मात्र बोली बिनचूक आली. देवीवर हात ठेवून आत्यानं सगळं सांगितलं, बांधाआड बसल्याचंही.  एक म्हातारा पालाकडे तोंड करून रडत होता.

पंचांनी मला विचारलं, "दंड काय मागतीस?"

सगळ्यांना वाटलं, मी आता बाजारातल्यासारखी सुरू होणार.  बाप देऊ शकेल असं कुणीच तिथं नव्हतं. मग मी म्हणाले, "बापाच्या बापाचं नाव मला माहीत न्हाई. त्याच्या बापाचंबी न्हाई. हिला समदी माहीत हायत. ती पाहिजेत."

पंच म्हणाले, "हा कसला दंड?"

"मला हाच पाहिजे."

आत्या माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि सर्वांत जुन्या पुरुषापासून सुरुवात केली. प्रत्येकाचं नाव, त्यानं कुठल्या ओढ्याला फास लावले, गाभण हरणी फासात आली तर कशी सोडून दिली, तो कुठं मेला, कुठं पुरला. तिनं एक नाव घ्यायचं आणि मी तिच्यामागून म्हणायचं. चौथ्याला मी चुकले.

"कान हायत का भोकं?" ती खेकसली. "पहिल्यापासनं म्हण."

मी पहिल्यापासून म्हटलं. शेवटचं नाव माझ्या बापाचं होतं. ते तो गेल्यापासून मी तोंडातून काढलं नव्हतं. तिथं मी थांबले. आत्याही थांबली. तिनं ते माझ्यासाठी म्हटलं नाही. मी म्हणेपर्यंत ती बसून राहिली.