भाटकरकाकी आणि वरच्या खोलीचं दार

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या त्या वरच्या खोलीत मी राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर आले, तर माझ्या पलंगावर बसून मालकीणबाई माझी चादर शिवत होत्या. दार मी लॅचनं बंद केलं होतं, हे मला चांगलं आठवत होतं. मी किंचाळले. बाईंनी मानसुद्धा वर केली नाही.

"मीच हाय गो, दुसरं कोण नाय," धागा दातानं तोडत त्या म्हणाल्या. "कोपऱ्याला उसवलीय. अशीच वापरलीस तर मधोमध फाटंल."

या भाटकरकाकी. "मीच हाय" हा त्यांचा परवाना होता. तो उच्चारला की जगातलं कुठलंही दार आपल्याला उघडं आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. साठी ओलांडलेली सडसडीत बाई, अंगात फुलाफुलांचा गाऊन, खांद्यावर टॉवेल, केसांत अबोलीचा वळेसर आणि समुद्राच्या वाऱ्यावर मात करायची सवय लागलेला खणखणीत आवाज. यजमान बोटीवर होते. वर्षातले नऊ-दहा महिने परदेशी पाण्यात, आणि घरी आले की घराला एक खोली जोडायची. तसं करत करत चिऱ्यांचं हे घर उभं राहिलं. वरची खोली मुलासाठी बांधली, मुलगा डोंबिवलीला स्थायिक झाला, यजमान गेले, आणि बाहेरून स्वतंत्र जिना असलेली ती खोली बँकेत बदलीवर येणाऱ्या माझ्यासारख्यांच्या वाट्याला आली.

मी मूळची बार्शीची. समुद्र पाहिलेला सहलीत, आणि मासे पाहिलेले पुस्तकात. काकींचा फ्रिज भरला की त्यांची सुकट माझ्या फ्रिजात येई. मी बँकेत असताना त्या वर येत, सुकटीचा डबा ठेवत, खिडकी लावत, पंखा पुसत, माझी भांडी त्यांना योग्य वाटेल त्या क्रमानं लावत आणि खाली जात. संध्याकाळी माझ्या चहाला सुक्या कोळंबीचा वास येई. मी तक्रार केली, तर त्यांनी दूधच बदलायला सांगितलं. "तुझा दूधवाला चांगला नाय."

एकदा मासळी बाजारासमोर भाजी घेत होते. पाटी घेऊन बसलेल्या एका अनोळखी बाईनं मला हाक मारली. "ओ म्याडम, रात्रीचं उशिरा जेवू नका हां. आणि त्या गुलाबी गोळ्या सारख्या खाऊ नये." मी थक्क. माझ्या कपाटातल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांचा रंग भाट्याच्या पुलापलीकडे पोचला होता.

त्या संध्याकाळी मी भाडेकरार घेऊन खाली गेले आणि काकींना एक कलम वाचून दाखवलं. मालकानं भाडेकरूला आगाऊ कळवून, वाजवी वेळी, पाहणीपुरतं आत यावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

काकी लक्ष देऊन ऐकत होत्या. "हे कोणी लिहिलान?"

"तुमच्याच एजंटनं. खाली तुमची सही आहे."

"वाजवी वेळ म्हंजे कुठली?"

"तुम्ही विचाराल आणि मी हो म्हणेन ती."

"आणि तू नाय म्हटलंस तर?"

"तर दुसऱ्या दिवशी."

"तोवर टाकी वाहत राहू दे काय?"

"पाणी वाहत असेल तर या, काकी. आग लागली तर या. सुकट ठेवायला येऊ नका."

"बरं," त्या म्हणाल्या. इतक्या समजूतदारपणे म्हणाल्या की मला आपणच फार ताणलं असं वाटलं. दोन दिवसांनी कामावरून आले, तर काकी माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभ्या राहून जळमटं काढत होत्या. "आगाऊ कळवलं मी," त्या वरूनच म्हणाल्या. "जिन्यात खोकले होते."

यावर रागवायचं तरी कसं? गावाकडे फोन करून मी हे किस्से आईला सांगायचे आणि दोघी पोट धरून हसायचो. पण आईला आणि मला तेव्हा हसण्याजोगं दुसरं फारसं काही नव्हतं. मी नवऱ्यापासून वेगळी झाले होते. प्रशांत मारझोड करणारा नव्हता. तो माझा फोन तपासायचा, पर्स उलटी करायचा, मी कोणाशी किती वेळ बोलले ते विचारायचा, आणि आतून कडी लावून बसले तर दार उघडेपर्यंत शांतपणे ठोठावत राहायचा. रत्नागिरीची बदली मी मागून घेतली होती. बँकेत कुणाला यातलं काही माहीत नव्हतं, काकींना तर नाहीच.

एका रविवारी दुपारी वकीलबाईंचा फोन आला. प्रशांतला समजुतीनं वेगळं व्हायचं नव्हतं, प्रकरण लांबणार होतं. फोन चालू असतानाच मला रडू फुटलं. मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, आणि लॅच फिरल्याचा आवाज आला.

"मीच हाय गो. सोलकढी..."

"बाहेर जा!" मी ओरडले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. "आत्ताच्या आत्ता बाहेर जा!"

काकींनी तांब्या दाराशी ठेवला, दार ओढलं आणि गेल्या. तांब्या ठेवल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

त्यानंतर त्यांनी कायदा पाळायला सुरुवात केली, आणि ती शिक्षा आधीच्या गुन्ह्यापेक्षा कडक होती. जिन्याखाली उभं राहून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या विचारत, "म्याडम! गच्चीवरची टाकी बघायची हाय! आपली परवानगी हाय काय?" मी खिडकीतून "या" म्हटलं की पुन्हा, "वेळ वाजवी हाय ना?" शेजारचे लोक माडाखाली उभे राहून आमचा हा कारभार बघत. सुकट बंद झाली. वळेसरही बंद झाला. तो रोज माझ्या आरशापाशी ठेवला जायचा, हे तो दिसेनासा झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

पंधरवड्यानं असेल, मी खाली पायरीवर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. काकी केरसुणीसाठी नारळाच्या झावळ्यांचे हीर काढत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "एक विचारू? दार लावून आत करतेस तरी काय?"

"काही नाही."

"काय नाय करायला दार कशाला लावावं लागतं?"

मी म्हटलं, "कुणी बघत नसताना काही न करणं वेगळं असतं, काकी."

त्यांनी हीर खाली ठेवला. मग त्या सांगू लागल्या. मालगुंडकडचं सासर, घरात वीस माणसं. बायका माजघरात ओळीनं झोपायच्या. नवरा रजेवर आला की दोघांना भाताची कोठी असलेली खोली मिळायची. तिला कडी नव्हती, कारण उजाडताच सासू भात काढायला यायची. "आली की बाहेरनं बोलायची, मीच हाय गो! मी तशीच पदर सावरत उठायची. बाळंतपण त्याच खोलीत, दुखणं त्याच खोलीत. ह्यांची पत्रं यायची ती दीर मोठ्यानं वाचायचा. आमच्यात कडी लावलेलं दार म्हंजे आत कोणतरी रुसलंय, नायतर कोणतरी मरायला टेकलंय." मग म्हणाल्या, "तू त्या दिवशी ओरडलीस ना, मला आधी राग आला. मगे वाटलं, मला ओरडायला कधी सुचलंच नाय."

त्यांनी मला पुढे काही विचारलं नाही. मीच सांगितलं, सगळं. मी पर्स उलटी करण्याच्या गोष्टीपाशी आले. "म्हंजे माझ्यासारखाच मेला," त्या हळूच म्हणाल्या. मी जोरात "नाही हो" म्हटलं, पण त्या ऐकत नव्हत्या.

मार्चअखेरच्या गर्दीत एका दुपारी बँकेत काकींचा फोन आला. "बाय, लवकर ये. पण धावत येऊ नको. मी हाय हितं."

रिक्षा करून पोचले, तर फाटकातूनच ते दृश्य दिसलं. प्रशांत आणि त्याची आत्या अंगणात उभे होते. जिन्याच्या खालच्या पायरीवर काकी विळी मांडून बसल्या होत्या आणि बांगडे साफ करत होत्या. जिना अरुंद. काकी, विळी, बांगड्यांचं टोपलं आणि पाण्याचं घमेलं एवढं सगळं ओलांडल्याशिवाय वर जाणं शक्य नव्हतं. आत्यांनी पदर नाकाला लावला होता.

"अहो, मी तिचा नवरा आहे," प्रशांत म्हणत होता. त्याचा तो शांत, समजावणीचा आवाज मी ओळखला. "आम्ही लांबून आलोय. खोली उघडा, आत बसतो. ती येईलच."

"नवरा असाल. मी कुठं नाय म्हणते? पडवीत खुर्च्या हायत. कोकम सरबत दिलंय, तसंच राहिलंय."

"चावी आहे ना तुमच्याकडे?"

"हाय की."

"घर तुमचंच आहे ना?"

"माझंच. ह्यांनी बांधलेलं." काकींनी एका बांगड्याचं डोकं उडवलं. "पण राहते ती. तिला विचारल्याबिगर मलापण आत जाता येत नाय. कायदा हाय तसा. माझी सही हाय खाली."

"मावशी, नवराबायकोत कसला आलाय कायदा?" आत्या म्हणाल्या.

"तेच तर," काकी म्हणाल्या. "तिथंच पायजे होता."

प्रशांतनं एक पाय पुढे टाकला. काकी उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त घमेलं त्याच्या बाजूला सरकवलं, आणि ते लाल पाणी त्याच्या बुटांपाशी हिंदकळलं. तो मागे सरला. तेवढ्यात त्यांना मी दिसले.

"आली बघा. आता तिला विचारा. ती हो म्हणाली तर मी स्वतः दार उघडून देते."

सगळे माझ्याकडे बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तो प्रश्न मला विचारायचा म्हणून थांबलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "वर नको. जे बोलायचं ते इथे पडवीत बोलू."

आणि मग काकींनी एक अघटित केलं. टोपलं उचललं, विळी मिटली आणि त्या परसदारी निघून गेल्या. भाट्यातलं एक भांडण काकींनी स्वतःहून न ऐकता सोडलं, यावर वाडीत आजही कुणाचा विश्वास बसत नाही. आमचं बोलणं फार लांबलं नाही. मी परत येणार नाही, एवढंच होतं, आणि ते मी पहिल्यांदा त्याच्या तोंडावर, न रडता सांगितलं. आत्यांनीच त्याला "चल आता" म्हणून उठवलं. फाटक लागल्याचा आवाज आल्यावर काकी पुढे आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि या वर्षी माडांवर किती नारळ धरलेत ते सांगत राहिल्या. काय झालं, तो काय म्हणाला, मी काय म्हटलं, एका शब्दानं विचारलं नाही. त्यांना किती कष्ट पडत होते ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पुढे प्रशांत समजुतीनं वेगळं व्हायला तयार झाला आणि मी मोकळी झाले. काकींनी मला पेढे आणायला लावले आणि स्वतःच वाटले. कशाचे, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "ते तिचं खासगी हाय." 'खासगी' हा शब्द त्यांना फार आवडला होता.

मग एक दिवस त्यांनी सुतार बोलावला. त्यांच्या परसाच्या बाजूच्या छोट्या खोलीला आतून कडी हवी होती. सुतार म्हणाला, काकी, घरात तर तुम्ही एकट्याच. काकी म्हणाल्या, "एकटी असले म्हणून काय झालं? तू कडी लाव." पहिल्या दिवशी त्या मोठ्या थाटात आत गेल्या, कडी लावली आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. "कंटाळा आला गो. तुम्ही लोक कसं काय बसता?" पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. मे महिन्यात मुलगा कुटुंबासह आला, सवयीनं ते दार ढकलू लागला, तर ते हलेना.

"आई, आत काय करतेस? कोणापासून लपतेस?"

"कोणापासून नाय," आतून आवाज आला. "जरा बसलेय. टकटक करायची आधी, आणि मगे थांबायचं."

मुलगा दुखावला, सून मात्र हसली. मला वाटतं, त्या दिवसापासून सासू-सुनेचं जमायला लागलं.

माझी बदली झाली, मी रत्नागिरी सोडली. निघताना काकी रडल्या नाहीत. मी सामान बांधत असताना त्या जिन्यात उभ्या राहिल्या आणि वर येऊ का, असं हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल इतकंच विचारलं.

गेल्या वर्षी लांज्याला एका लग्नाला आले होते, तशीच भाट्याला गेले. मुलगा नोकरी सोडून आता इथेच असतो. सुनेनं मला पडवीत बसवलं. "आईंचं दार बंद आहे," ती म्हणाली. "उठवू का?"

"नको," मी म्हटलं. "मी थांबते."

तासभर बसले असेन. मध्येच परसाच्या बाजूच्या खोलीतून काकींच्या हसण्याचा आवाज आला. एकट्याच, मनापासून, खूप वेळ हसत होत्या. फोन नाही, रेडिओ नाही. सुनेनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. "रोज असतं," ती म्हणाली. "आम्ही नाही विचारत."

मग कडी निघाली, तशी मी उठून त्या दाराशी गेले. काकी थोड्या वाकल्या होत्या, पण डोळे तसेच. मला पाहून चेहरा उजळला. त्यांच्या मागून वाकून आत डोकावावं असा मोह मला झाला, खोटं कशाला सांगू? काकींनी तो ओळखला असावा. त्यांनी आधी मागे वळून दार नीट ओढून घेतलं, आणि मग दोन्ही हात पसरून माझ्याकडे आल्या.