उभ्या गाडीच्या स्प्रिंगा

माझ्याकडे एक जुनी स्पोर्ट्स गाडी आहे. दोन दारांची आणि दोनच माणसांची. वाशीममध्ये हे कळलं की पुरुषांना आधी वाटतं, गाडी नवऱ्याची असणार. माझं लग्न झालेलं नाही हे समजल्यावर वाटतं, मग भावाची असणार. माझा भाऊ आमच्या मळ्यात मेथी, पालक, वांगी काढतो आणि पहाटे बाजारात नेतो. ज्या गाडीत कॅरेट मावत नाही तिला तो गाडीच मानत नाही. गाडी माझीच आहे. मी जनावरांची डॉक्टर आहे, मानोऱ्याच्या दवाखान्यात नोकरीला. नागपूरला मला शिकवणारे एक सर म्हातारपणी मुलाकडे परदेशी निघाले, तेव्हा त्यांनी ती मला विकली. "वळणावर चालवून बघ," एवढंच म्हणाले. मी बघितली, आणि दुसरी कुठली गाडी मला आवडेनाशी झाली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी, मंगरूळपीर ओलांडल्यावर, गतिरोधकावर मागच्या डाव्या चाकाशी काडकन आवाज झाला. स्प्रिंग तुटली होती. गाडी एका बाजूला कलली, आणि मी ती तशीच रांगत परत वाशीमला गॅरेजात आणली.

गॅरेजवाल्याने तुटलेला तुकडा हातात घेतला, वजन केल्यासारखा हलवला आणि म्हणाला, "मॅडम, चांगलंच झालं. आता चारही स्प्रिंगा कापून टाकू. दोन-दोन वेटोळे काढले का गाडी कशी खाली बसते पाहा!"

"खाली बसून काय करते?"

"दिसते ना!"

"आणि शॉकअब्सॉर्बर? ते तर आधीच मेलेत."

"ते चालतात, मॅडम."

माझ्या दवाखान्यात कुणी म्हशीचा पाय असा बरा करायला सांगितला असता तर मी त्याला बाहेर काढलं असतं. गाडी गॅरेजातल्या लोखंडी घोडीवर चढवून ठेवायला सांगितली आणि नव्या स्प्रिंगा शोधायला लागले.

माझ्यासारख्या जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. सरांनीच मला त्यात घातलं होतं. तिथे विचारलं: गाडी रोज चालते, रस्ता खराब आहे, कोणत्या स्प्रिंगा घेऊ? उत्तरांचा पाऊस पडला. जवळपास सगळ्यांचं म्हणणं, साध्या स्प्रिंगांत पडूच नका, कॉइलओव्हर घ्या. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्रच येतात, आणि आटे फिरवून गाडीची उंची हवी तशी कमी-जास्त करता येते. ही सोय वाईट नाही. पण त्या ग्रुपमध्ये उंची जास्त केलेला एकही माणूस मला सापडला नाही. सगळे आटे खालच्याच दिशेने फिरलेले. टायर आणि वरच्या पत्र्यात बोट जाता कामा नये, यावर त्यांचं एकमत होतं. माझा रस्ता कसा आहे हे एकानेही विचारलं नाही. फोटो मात्र भरपूर आले, आणि एकूण एक गाडी उभी! बंद दुकानासमोर उभी, पेट्रोलपंपावर उभी, सूर्य मावळताना उभी. एकाने लिहिलं, "मिस्टरांना ग्रुपमध्ये ॲड करा, त्यांना नीट समजावतो." दुसऱ्याने सांगितलं की रेसच्या ट्रॅकवर त्याचा कॉइलओव्हरचा सेट अप्रतिम चालतो. तो ट्रॅकवर किती वेळा गेला, विचारलं. "अजून योग आला नाही," म्हणाला.

माझा मामेभाऊ अकोल्याला असतो. त्याने त्याच्या गाडीला महागडा सेट बसवून गाडी इतकी खाली आणली होती की रस्त्यात पडलेल्या लिंबालाही ती वळसा घालून जायची. त्याला माझ्या शोधाची खबर लागली आणि रविवारी सकाळी तो मळ्यात हजर झाला. फाटकातून आत येताना गाडीच्या तोंडाला खालून एक ओरखडा बसला. तो उतरला, बघितलं आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने चहा प्यायला.

"ताई, तू बस फक्त एकदा. मंग मले सांग," तो म्हणाला.

तेवढ्यात फोन आला. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर गाय अडली होती. पहाटेपासून कळा देऊन राहिली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता. माझी गाडी घोडीवर आणि भाऊ टेम्पो घेऊन बाजारात. मामेभावाचे डोळे चमकले.

"चल ना मग. मायी गाडी काय उगाच हाय?"

मी बॅग घेतली आणि बसले. डांबरी रस्ता गुळगुळीत होता तोवर गाडी खरंच सुंदर पळाली, हे मी खोटं बोलणार नाही. पण रस्त्याची पहिली ठिगळं लागली आणि माझे दात एकमेकांवर आपटायला लागले. प्रत्येक खड्डा कमरेतून डोक्यात जात होता. तो मात्र स्टिअरिंगला घट्ट धरून सांगत होता, "पाह्य, रोड कसा फील होते!" रस्ता मला फील होत होता यात शंका नव्हती. प्रत्येक गतिरोधकावर तो गाडी तिरपी करायचा आणि एकेक चाक असं चढवायचा की मागून येणाऱ्या बैलगाडीने आम्हाला ओलांडलं. गाडीवानाने मागे वळून बघितलं आणि बिडी पेटवली.

तांड्याच्या तोंडाशी पाण्याची पाइपलाइन टाकायला रस्ता आडवा खोदला होता. बुजवताना माती उंच राहिली होती. मोटारसायकली, ट्रॅक्टर, दुधाचे ऑटो रोज त्यावरून जात असतील. मी म्हटलं, "इथेच थांब, मी चालत जाते."

"काहून? होते ना आरामात."

झालं ते असं की पुढची चाकं पलीकडे गेली, मागची अलीकडे राहिली आणि गाडी पोटावर टेकली. खालून काहीतरी घासल्याचा लांबलचक आवाज आला. त्याने ॲक्सिलेटर दिला. चाकं फिरली, धूळ उडाली, गाडी तिथेच. मी दार उघडलं, बॅग उचलली आणि पळत सुटले.

तांड्यावर बायका, म्हातारी माणसं आणि लेकरंच होती. बाकीचे ऊसतोडीला गेलेले. गाईची मालकीण, पन्नाशीची बाई, गाईच्या मानेला धरून बसली होती. "डॉक्टरीनबाई, लई उशीर केला वं," ती म्हणाली. गाय थकून आडवी पडली होती. मी हात धुऊन आत घातला. वासराचा दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागे अडकला होता. मी कळेच्या आधी वासरू मागे ढकलायची आणि पाय शोधायची, तोवर पुन्हा कळ यायची आणि माझा हात आत चेंगरायचा. शेवटी खूर मुठीत आला. तो तळहातात झाकून हळूच पुढे ओढला आणि मग मालकिणीने आणि मी दोघींनी मिळून वासरू बाहेर काढलं. ते हललं नाही. नाकातोंडातला चिकटा काढला, छाती गोणपाटाने खसाखसा पुसली, नाकात काडी घातली. ते शिंकलं. कालवड होती.

मालकीण खाली बसून रडायला लागली. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मनात म्हटलं, अजून थोडा वेळ लागला असता तर? मघाच्या त्या तिरप्या चढाया आठवल्या आणि मला मामेभावाचा असा राग आला की हात धुताना तांब्या जोरात आपटला.

परत आले तर गाडीभोवती बायका जमलेल्या. मामेभाऊ आत बसलेला, काच अर्धी खाली.

"हे गाडी बिमार हाय का?" एकीने मला विचारलं.

"नाही, मुद्दाम अशी करून घेतली."

"पैसे देऊन?"

"हो."

ती मागे वळून आपल्या बोलीत काहीतरी बोलली आणि सगळ्या हसत सुटल्या. मग त्यांनी पदर खोचले. मामेभाऊ म्हणाला, "ताई, त्याइले सांग पत्र्याले हात नका लावू." मी म्हटलं, "तू आधी खाली उतर, तुझंही वजन आहे." तो उतरला. बायकांनी दोन्ही बाजूंनी गाडी उचलून धरली, मी चाकांखाली दगड सारले, आणि ती पलीकडे नेली. खाली तेलाचा ओघळ दिसत होता. पुढचा प्रवास तिने टोचन लावून ट्रॅक्टरच्या मागे केला. तेव्हा मात्र तो रोड कसा फील होतो याबद्दल काही बोलला नाही. नंतर नातेवाइकांत त्याने सांगितलं ते एवढंच, की मानोऱ्याकडचे रस्ते फार भिकार आहेत.

मी विकणाऱ्यांना फोन लावले. प्रत्येकाला एकच विचारलं: गाडीत माझी बॅग, औषधांची पेटी आणि शेजारी आई बसली, आणि चाक खड्ड्यात गेलं, तर शॉकअब्सॉर्बरला दबायला किती चाल शिल्लक राहते? पहिल्याने रंग कोणकोणते आहेत ते सांगितलं. दुसरा म्हणाला, "मॅडम, लेडीज इतकं डीप जात नाहीत." तिसऱ्याने विचारून सांगतो म्हटलं आणि खरंच विचारून सांगितलं. त्याच्याकडून मूळ उंचीच्याच पण किंचित कडक स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे नवे शॉकअब्सॉर्बर घेतले. सगळं साधं, काळं. आटे नाहीत, फिरवायला काही नाही. ग्रुपवर फोटो टाकला तर एकाने रडका चेहरा पाठवला, एकाने लिहिलं, "संधी वाया घालवली." मी त्याच दिवशी ग्रुप सोडला.

बसवून झाल्यावर गॅरेजवाला गाडीभोवती फिरला. त्याचा चेहरा पडला होता. "मॅडम, एवढं करून फरक तं काहीच दिसून नाही राह्यला."

"दिसणारच नाही," मी म्हटलं आणि निघाले.

मंगरूळपीरच्या पुढे एक लांब वळण आहे, मध्येच डांबर उखडलेलं. जुन्या स्प्रिंगांवर तिथे गाडीचं मागचं अंग उडायचं आणि माझी पकड घट्ट व्हायची. यावेळी मी वेग उतरवला नाही. गाडी बाहेरच्या चाकांवर टेकली, उखडलेल्या भागावरून जाताना चाकं खालीवर झाली, पण मी बसले होते तिथे ते फक्त कळलं, बोचलं नाही. वळण संपताना ती सावकाश सरळ झाली. सर काय म्हणत होते ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुरतं समजलं. पुढे रस्ता मोकळा होता. मी गाडी वळवली, मागे गेले आणि तेच वळण पुन्हा घेतलं. मग आणखी एकदा.

दवाखान्यात पोहोचले तर एक म्हातारा शेळी घेऊन पायरीवर ताटकळत होता.

"काहून उशीर झाला, बाई?"

"रस्ता चांगला होता," मी म्हटलं.

त्याने शेळीची दोरी आवळली आणि माझ्याकडे असं बघितलं की औषध माझ्याच हातून घ्यावं की नाही, याचा तो विचार करत असावा.